जप्ती वाहनाची की रोजीरोटीची?

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवाना नसलेल्या चालकांची वाहने पोलिसांनी अटकावून ठेवावीत की नाही, हा प्रश्न वाहतूक शाखेच्या कामकाजाचा आहे, समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यात वेळ का घालवावा, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु सामान्य माणसाची राज्यसंस्थेशी गाठ पडते ती बहुधा चौकातच. तेथे ती त्याच्याशी कशी वागते, यावरून कायद्याच्या समतेची परीक्षा होते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्यास परवाना आवश्यक आहे. तो नसल्यास कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड ५०० वरून ५,००० रुपयांवर गेला. महाराष्ट्र सरकारने वाढीव दर प्रथम रोखून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आणले. याशिवाय कलम २०७ अन्वये पोलीस अधिकाऱ्याला असे वाहन ताब्यात घेऊन अटकावून ठेवता येते. ते परत मिळवण्यासाठी मालकाने कागदपत्रांसह अर्ज करावयाचा असतो. तो किती दिवसांत निकालात काढावा, याची मुदत त्या कलमात घातलेली नाही.

मात्र याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, आणि माझे आजचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. चालकाकडे परवाना नसेल तर अधिकाऱ्याला वाहन न अटकावता, त्याऐवजी त्याचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला आरसी बुक म्हणतो ते, ताब्यात घेऊन पोच देता येते. थोडक्यात, गाडी ओढून नेणे हे कायद्याने सक्तीचे केलेले नाही. तो अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहे. हा विवेक कोणत्या तत्त्वाने वापरावा, हे पोलीस आयुक्तांना लेखी आदेशाने ठरवून देता येईल. त्यासाठी विधानसभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता या जप्तीचे अर्थशास्त्र पाहू. समजा, भाजीचा टेम्पो चालवणारा एक माणूस दिवसाला ६०० रुपये मिळवतो. ५,००० रुपयांचा दंड म्हणजे त्याची आठ दिवसांहून अधिक कमाई. त्यातच टेम्पो दहा दिवस अडकला, तर आणखी ६,००० रुपये बुडाले. ही दुसरी रक्कम कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, कोणत्याही न्यायाधीशाने ठरवलेली नाही, आणि ती सरकारी तिजोरीतही जमा होत नाही. ती केवळ नष्ट होते. ज्याच्या दारात तीन मोटारी उभ्या आहेत, त्याची एक अडकली तर तो दुसरी काढतो. कागदावर शिक्षा समान. प्रत्यक्षात एकाची गैरसोय होते, तर दुसऱ्याचे उत्पादनाचे साधनच हिरावले जाते. फिनलंडने १९२१ सालीच मिळकतीच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत स्वीकारली, ती ही विषमता ओळखूनच.

शिवाय ‘विनापरवाना’ या एका शब्दाखाली किती भिन्न माणसे येतात! कोणाच्या परवान्याची मुदत संपलेली असते. कोणाकडे हलक्या वाहनाचा परवाना असतो, पण मालवाहतुकीची नोंद नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांबाबत अशी वेगळी नोंद आवश्यक नसल्याचा निर्वाळा दिला. तोवर हजारो चालक या संदिग्धतेत वावरत होते. व्यावसायिक वाहनासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ पर्यंत होती; ज्याला शाळाच मिळाली नाही, त्याला ती परवान्याबाहेर ठेवीत होती. आणि पीएमपीची बस वेळेवर येत नाही म्हणून धुणीभांड्याची चार घरे गाठण्यासाठी मोपेड घेणारी बाईही याच यादीत येते. शिकाऊ परवाना, तीस दिवसांची प्रतीक्षा, मग चाचणी, या प्रत्येक पायरीला रोजगार बुडतो.

दुसऱ्या टोकाला कल्याणीनगरची घटना आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालक म्हणून ज्याच्यावर आरोप आहे तो सतरा वर्षांचा. त्या महागड्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. जप्तीचा अधिकार खऱ्या अर्थाने वापरावयाचा तो अशा ठिकाणी. लक्षात घ्या, वर सांगितलेली परंतुकातील सवलत नोंदणी नसलेल्या वाहनाला लागू नाही. तेथे कायद्याने सौम्य मार्ग ठेवलेलाच नाही. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला वा मालकाला कलम १९९ अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द अशी तरतूद आहे. तिचा वापर कसोशीने झाला पाहिजे.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. अननुभवी चालकाच्या चाकाखाली सापडतो तोही बहुधा पादचारी किंवा सायकलस्वारच, म्हणजे गरीबच. मग चालकाच्या पोटाची कणव करताना त्याच्या जिवाचे काय? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच परवान्याची अट सैल करा असे मी म्हणत नाही. परवाना नसलेल्या माणसाने त्या क्षणापासून पुढे एक फूटही वाहन चालवता कामा नये. परंतु हा हेतू चालकाला खाली उतरवून आणि परवानाधारकाच्या हाती वाहन सोपवून साधतो. धोका टळल्यावरही गाडी अडकवून ठेवली, तर ती न्यायालयाबाहेर दिलेली शिक्षा ठरते.

लॉस एंजेलिस शहरात हाच वाद झडला. तेथे विनापरवाना चालकाची गाडी तीस दिवस अडकवली जाई आणि तिचा भार मुख्यतः कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित मजुरांवर पडे. २०१२ साली तेथील पोलीस आयोगाने हे धोरण बदलले आणि ठरावीक अटी पाळणाऱ्यांना तीस दिवसांच्या अटकावातून वगळले. पोलिसांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालय गाठले. पुढे जानेवारी २०१५ पासून कॅलिफोर्निया राज्याने अशा स्थलांतरितांना परवाना मिळवण्याचा मार्गच खुला केला. शिक्षा सौम्य करणे आणि परवाना आवाक्यात आणणे ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत, हा त्यातला धडा.

म्हणून पुण्यासाठी आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक: परवानाधारक व्यक्ती वाहन नेण्यास हजर असेल, तर केवळ नोंदणी प्रमाणपत्र घेऊन पोच द्यावी. दोन: वाहन अटकावलेच, तर सोडवण्याच्या अर्जाचा निर्णय ठरावीक दिवसांत लेखी व्हावा. गुन्ह्यात जप्त झालेली वाहने पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे सडत ठेवण्यात अर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावलेच आहे. मग किरकोळ कसुरीच्या वाहनांनी का गंजत पडावे? तीन: अल्पवयीन चालक, परवाना रद्द झालेला चालक आणि नोंदणी नसलेले वाहन यांना ही सवलत असू नये. चार: रोजंदारीवर टेम्पो देणाऱ्या मालकाने चालकाचा परवाना पाहिलेला नसेल, तर कलम १८० खाली त्याच्यावर कारवाई व्हावी, सारा बोजा चालकावर लोटू नये.

केवळ निवेदने देऊन हे होणार नाही. माहिती अधिकाराखाली आपण आयुक्तालयाकडे विचारले पाहिजे: कलम २०७ खाली वर्षभरात किती वाहने अटकावली, त्यांत दुचाकी व टेम्पो किती, मोटारी किती, आणि प्रत्येक सरासरी किती दिवस अडकली? उत्तरातून या धोरणाचे वर्गीय स्वरूप आकड्यांनीच उघड होईल. त्याच वेळी वस्त्यावस्त्यांत परवाना शिबिरे घ्या, अर्ज भरून द्या, चाचणीला माणसांसोबत जा. दलालावाचून परवाना मिळू शकतो, हे दाखवून द्या. बाबा आढाव यांनी उभारलेल्या रिक्षा पंचायतीने याच शहरात चालकांना संघटित करून हक्क आणि शिस्त यांची सांगड घालता येते हे दाखवले आहे. तेच काम आता टेम्पोचालक आणि मोपेडवरून कामाला जाणाऱ्या बायांमध्ये करावयाचे आहे.