समीक्षकाचा मान : पॉलिन केल यांच्या निमित्ताने



चित्रपटावर लिहिणाऱ्यांच्या या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभराच्या लेखनाचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो बाजूला ठेवतो आणि एकाच माणसाबद्दल बोलतो. आपल्या शिबिरांना येणारे तरुण लेखक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : अमेरिकन चित्रपटसमीक्षक पॉलिन केल यांना अजून मान द्यायचा का? वाचनाच्या यादीत त्यांची पुस्तकं का ठेवायची? हे विचारणारे वाचून विचारतात, त्यांच्या हातात पुरावे असतात. त्यांना ‘मोठ्या होत्या’ एवढंच सांगून गप्प करणं मला पटत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. त्यांच्या परीक्षणांबद्दल मला आदर आहे आणि तो मी मागे घेणार नाही. त्यांचा सर्वांत गाजलेला दीर्घ लेख मात्र मी त्या आदरातून वगळतो.

केलबाई 1919 साली कॅलिफोर्नियात पेटालुमा इथे एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मल्या. घरी कोंबड्यांचा व्यवसाय होता. बर्कलेच्या विद्यापीठात त्या शिकल्या, पण पदवी न घेताच बाहेर पडल्या. मग शिवणकाम, स्वयंपाक, जाहिरातींचा मजकूर, मिळेल ते काम केलं. मुलीला एकटीने वाढवलं. पहिलं परीक्षण 1953 साली छापून आलं, चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’वर, आणि तेही सपशेल प्रतिकूल! बर्कलेच्या केपीएफए रेडिओवर त्या विनामोबदला बोलत. तिथलंच एक छोटं चित्रपटगृह सांभाळताना लागणाऱ्या चित्रपटांवर टिपणं लिहीत. फिल्म सोसायटीच्या सायक्लोस्टाइल पत्रकांत लिहून हात बसवलेले जे ज्येष्ठ आज समोर बसले आहेत, त्यांना या वाटेची ओळख वेगळी करून द्यायला नको. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यांना जागा मिळाली ती 1968 साली, पन्नाशी जवळ आल्यावर.

ती जागा मिळवून देणारा लेख होता ‘बॉनी अँड क्लाइड’वरचा. 1967 च्या ऑगस्टमध्ये हा चित्रपट आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वजनदार समीक्षक बॉस्ली क्राउदर त्याच्यावर तुटून पडले, एकदा नव्हे, पुन:पुन्हा. केलबाईंचा लेख ‘न्यू रिपब्लिक’ने नाकारला होता. तो ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्कर’ने छापला. त्या लेखाचं मोल चित्रपटाची बाजू घेण्यात नाही. अंधारात बसलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यात नोंदलेलं आहे. चित्रपट प्रेक्षकाला हसवतो, सैल करतो, आणि त्याच क्षणी गोळी चालते. हसू तोंडातच थिजतं. हिंसा दाखवली म्हणून चित्रपट हिंसक, एवढ्यावर थांबलेल्या टीकेला त्यांनी प्रेक्षकाच्या अंगावर उमटलेल्या अनुभवाने उत्तर दिलं. मी आजही नव्या लेखकाला हा लेख देतो. कथानक सांगण्यात दोन परिच्छेद घालवायचे नाहीत, आणि आपल्याला काय झालं हे सांगायची लाज बाळगायची नाही, हे त्यातून जितकं लवकर कळतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

आता त्यांच्या चुकलेल्या निवाड्यांबद्दल. कुब्रिकचा ‘2001’ हा चित्रपट त्यांना कल्पनाशून्य वाटला. क्लॉद लान्झमान यांचा ‘शोआ’, ज्यूंच्या संहाराच्या साक्षी नोंदवणारा नऊ तासांहून मोठा चित्रपट, त्यांना थकवणारा वाटला आणि त्यांनी तसं लिहिलं. स्वतः ज्यू असून लिहिलं. ‘न्यूयॉर्कर’चे संपादक विल्यम शॉन यांना ते छापणं जड गेलं, तरी छापलं गेलं. ‘शोआ’बद्दल माझं मत त्यांच्या अगदी उलट आहे. पण सगळ्यांनी माना खाली घालून स्तुती करायची अशा वेळी जी लेखिका आपला खरा अनुभव लिहिते, तिचा निवाडा चुकला म्हणून मान जात नाही. निवाडे चुकणारच. 2001 मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांच्या कितीतरी नावडत्या चित्रपटांना अभिजाताचं स्थान मिळालं होतं. त्याने काही बिघडत नाही.

‘लास्ट टँगो इन पॅरिस’ची गोष्ट याहून अवघड आहे, तिथे जरा थांबू. 1972 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो दाखवला गेला. त्या रात्रीची तुलना केलबाईंनी 1913 सालच्या, स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाशी केली. कलेचा इतिहास बदलणारी रात्र, असा त्यांचा दावा होता. निर्मात्या कंपनीने ते परीक्षण जसंच्या तसं वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापलं. पुढे 2007 मध्ये चित्रपटाची नायिका मारिया श्नायडर यांनी सांगितलं की त्यातलं बलात्काराचं दृश्य मूळ पटकथेत नव्हतं, त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि पडद्यावर दिसणारे अश्रू खरे होते. दृश्यातला एक तपशील आपण तिला मुद्दाम आधी सांगितला नव्हता, हे दिग्दर्शक बर्तोलुची यांनीही नंतर मान्य केलं. केलबाईंना 1972 साली हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, म्हणून त्यांच्यावर त्याचा दोष ठेवता येत नाही. पण त्या परीक्षणातला हर्षोन्माद आज वाचवत नाही. पडद्यावर काही तरी धोक्याचं, खरं घडतंय म्हणून त्या भारावल्या होत्या, आणि ते खरं कुणाच्या जिवावर घडलं होतं हे आपल्याला आता माहीत आहे. शिबिरात तो लेख वाचायचा असेल तर श्नायडर यांचं म्हणणं त्याच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे.

आणि आता तो गाजलेला दीर्घ लेख, ‘रेझिंग केन’. 1971 च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्कर’च्या दोन अंकांत आलेला, सुमारे पन्नास हजार शब्दांचा लेख. विषय ‘सिटिझन केन’ची पटकथा. या चित्रपटाला एकच ऑस्कर मिळालं, ते पटकथेचं, पटकथाकार हर्मन मॅन्कीविट्झ आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स या दोघांच्या नावे. केलबाईंचं म्हणणं असं की पटकथा जवळजवळ सगळी मॅन्कीविट्झची, वेल्सने तिच्यावर नुसतं नाव लावलं. मुळातला हेतू मला मान्य आहे. दिग्दर्शकालाच सगळ्याचा कर्ता मानणाऱ्या समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांच्याशी त्या 1963 पासून भांडत होत्या, आणि चित्रपट अनेक हातांनी बनतो हा त्यांचा आग्रह योग्यच होता. आपल्याकडे ‘संत तुकाराम’ म्हटलं की दामले आणि फत्तेलाल आठवतात, विष्णुपंत पागनीस आठवतात. शिवराम वाशीकरांनी तो लिहिला, हे किती जण सांगतील? विसरलेल्या लेखकाला त्याचं श्रेय द्यायला कुणी निघालं, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पण एका लेखकाला श्रेय देण्यासाठी लिहिलेल्या या लेखात दुसऱ्याचं श्रेय घेतलं गेलं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात हॉवर्ड सुबर नावाचे तरुण प्राध्यापक ‘सिटिझन केन’वर संशोधन करत होते. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या, कागद जमवले होते. ते सगळं त्यांनी केलबाईंच्या स्वाधीन केलं, ‘सिटिझन केन’वरच्या नियोजित पुस्तकात आपलाही वाटा असेल या समजुतीने. ब्रायन केलो यांनी 2011 साली लिहिलेल्या केलबाईंच्या चरित्रात हा प्रकार सविस्तर आला आहे. सुबर यांना तीनशे पंचाहत्तर डॉलर मिळाले. लेखात त्यांचं नाव एकदाही आलं नाही. वेल्स तेव्हा हयात होते, पण बाईंनी त्यांनाही विचारलं नाही. दिग्दर्शक पीटर बॉग्दानोविच यांनी 1972 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात हे सगळं चव्हाट्यावर आणलं. बाईंनी छापील उत्तर दिलं नाही. पुढे अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांनी पटकथेचे खर्डे तपासले आणि वेल्सचा वाटा मोठा, निर्णायक होता असं 1978 मध्ये दाखवून दिलं. म्हणजे निष्कर्षही टिकला नाही.

मित्रहो, निवाडा चुकणं आणि एखाद्याचे कष्ट गिळणं या गोष्टी मी एका तागडीत घालत नाही. पहिली आपल्या धंद्याचा भाग आहे. दुसरी धंद्याचं नातंच तोडते. सुबर यांच्याजवळ नाव नव्हतं, व्यासपीठ नव्हतं. बाईंजवळ ते दोन्ही होतं. एका ओळीचा ऋणनिर्देश पुरला असता. त्यांनी तो केला नाही, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं मिळाली तरी केला नाही. म्हणून या लेखाला मी मान देत नाही, त्यातली भाषा कितीही लखलखीत असो.

लेखिका रेनाटा ॲडलर यांनी 1980 साली केलबाईंचा तेव्हाचा ताजा संग्रह सगळाच मोडीत काढला. आक्रमक सूर, वाचकावर दडपण आणणारे प्रश्न, तीच ती अतिशयोक्ती, असे त्यांचे आक्षेप होते. काही अंशी ते खरे आहेत. शेवटच्या काही संग्रहांत मलाही तो सूर जाचतो. पण ॲडलरबाईंनी जे काहीच शिल्लक ठेवलं नाही, ते मला मान्य नाही. सत्यजित राय यांचा ‘अरण्येर दिनरात्रि’ 1973 मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा केलबाईंनी त्यावर किती मायेने आणि बारकाईने लिहिलं, ते वाचून पाहा. परक्या देशाच्या, परक्या भाषेच्या चित्रपटापुढे त्या मार्गदर्शकाच्या थाटात उभ्या राहिल्या नाहीत, त्यातल्या माणसांजवळ जाऊन बसल्या.  बाईंनी राय यांना विनोद समजणारा, स्त्रीपुरुषांमधली सूक्ष्म लाज टिपणारा कलावंत म्हणून वाचलं. शिवाय त्यांनी कधी चित्रपटाला तारे दिले नाहीत. आज साडेतीन तारे देऊन मोकळं होणाऱ्या आपल्या पिढीला त्यांच्याकडून घेण्यासारखं अजून बरंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून वाचनाच्या यादीबाबत माझा प्रस्ताव असा : ‘बॉनी अँड क्लाइड’ आणि ‘अरण्येर दिनरात्रि’वरचे लेख राहू द्या. ‘रेझिंग केन’ही ठेवा, पण कॅरिंजर यांचा लेख जोडून, आणि वरच्या टिपणात हॉवर्ड सुबर यांचं नाव घालून. दुसरी गोष्ट आपल्या घरची. आपल्या विशेषांकांसाठी मुलंमुली ग्रंथालयांत जुने अंक चाळतात, वृद्ध तंत्रज्ञांच्या मुलाखती घेतात, छायाचित्रं शोधून आणतात. त्यांची नावं लेखाखाली, लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापली जावीत, असा ठराव मी आज दुपारच्या खुल्या सत्रात मांडणार आहे. मानधनाचा आकडा त्यांच्याशी आधी लेखी ठरवावा, हेही त्यात आहे. संपादक मंडळींना यावर काही हरकत असेल तर त्यांनी ती तिथेच, सर्वांसमोर मांडावी, अशी माझी विनंती आहे.