फुगवलेल्या घराचे दोर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मैदानात हवा भरून उभं केलेलं, आत शिरता येईल असं रंगीत घर हा बायकांच्या चळवळीचा विषय कसा, असं तुम्ही विचाराल. मोठ्या बाईनं उघड्यावर खेळायचं, लोळायचं म्हटलं तर तिला कारण द्यावं लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं आहे : बाई बाहेर असावी ती कामापुरती, तिला नुसतं रेंगाळायची मुभा नाही. अशी कलाकृती ती मुभा देते. तिला हात लावायचा असतो, टेकायचं असतं. माणसं आत शिरली तरच ती पुरी होते.

पण ती उभी कशी राहते, तेही बघू या. मॉरिस एजिस या ब्रिटनमधल्या कलावंताचं ‘ड्रीमस्पेस’ घ्या. रंगीत पीव्हीसीच्या, एकमेकींना जोडलेल्या खोल्यांचं ते घर सुमारे ५० मीटर लांब-रुंद होतं. लोक चपला-बूट काढून, रंगीत अंगरखे घालून आत जात. भिंतींतून ऊन झिरपे, संगीत चालू असे. २३ जुलै २००६ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टर-ल-स्ट्रीट इथल्या बागेत माणसं आत असतानाच ते वाऱ्यानं उचललं गेलं. दोन स्त्रिया मरण पावल्या, एक लहान मुलगी गंभीर जखमी झाली. पुढे कलावंत, आयोजक संस्था आणि स्थानिक परिषद या तिघांनाही न्यायालयानं दंड केला.

अशा घरात आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त असतो. पंखा सतत चालतो म्हणून ते उभं राहतं. आकाराच्या मानानं वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे वाऱ्यापुढे त्याचं शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हवेवर फुगवलेल्या खेळ-साधनांसाठी युरोपात जे मानक आहे, त्यात ताशी ३८ किलोमीटर ही वाऱ्याची कमाल मर्यादा धरली आहे. त्यापुढे माणसं बाहेर काढायची. खुंट्या मातीत रुततात. फरसबंदी चौकात वजनंच लावावी लागतात, आणि ती किती, हे हिशेब करून ठरवायचं, अंदाजानं नाही.

आता आपल्या बाजूचे प्रश्न. दार इतकं बुटकं नको की साडी सावरत रांगावं लागेल. चाकाची खुर्ची आत जायला हवी. अंधुक, वळणावळणाच्या जागेत धक्के मारणारे येणारच. त्यासाठी आत दोन बाया हव्यात, किती जणी गेल्या नि किती बाहेर आल्या याची मोजदाद हवी. (यावर ‘मग कलेचा मोकळेपणा राहिला कुठे’ म्हणणाऱ्यांना गर्दीच्या लोकलमधून एकदा फिरवून आणावं.)

आणि वारा मोजायला जी बाई उभी असेल, तिला खेळ थांबवायचा अधिकार हवा, तोही लेखी. पाहुणे यायचेत, फोटो व्हायचेत, म्हणून तिला गप्प बसवता येणार नाही असा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या आधीची वावटळ संध्याकाळी न सांगता येते. तेव्हा परवानगीच्या अर्जावर वेळ सकाळची घाला, आणि त्याच कागदावर त्या बाईचं नावही लिहा.