राहून गेलेलं रडणं

येलदरीहून बोलतेय. गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यावर नेहमीच बोलतो. आज जरा वेगळं बोलायचंय. कोरोनाच्या काळात ज्यांचे आई-वडील गेले आणि ज्यांना शेवटचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही, त्या लेकींबद्दल.

आमच्याकडचंच बघा. अलीकडे परभणी जिल्हा, पूर्णा ओलांडली की हिंगोली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला म्हणून सोयरीक थोडीच तुटते? इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. हद्द होती ती कचेरीच्या कागदावर.

मग २३ मार्च २०२० ला राज्यात जिल्ह्यांच्या हद्दी बंद करायचं जाहीर झालं. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. नदीपलीकडचं माहेर एकदम परमुलखात गेलं. एसटी बंद. कितीतरी गावांनी दगड-काट्या टाकून आपल्या वाटा अडवल्या. मयतीला वीसच माणसं. मयतीसाठी पास मिळत होता, पण मोबाईलवर अर्ज करा, गाडी शोधा, तोवर तिकडे माती होऊन जायची. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, जिल्ह्याबाहेर जायला पुन्हा पास लागू झाला.

मोठ्या घरांतही हेच झालं. अभिनेते ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० ला मुंबईत वारले. त्यांची लेक दिल्लीत. परवानगी मिळाली, ती गाडीने निघाली, पण वडिलांचा अंत्यविधी तिला फोनवरच बघावा लागला. त्याच आठवड्यात इरफान खान यांची आई जयपूरला गेली. ते मुंबईत होते, त्यांनाही जाता आलं नाही.

आमच्या गटात एक ताई आहे. तिचं माहेर नदीपलीकडे. मे २०२० मध्ये तिचे वडील गेले. पास हातात येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ती कधी त्यावर बोलली नाही. मागच्या वर्षी हप्ते गोळा करताना कुणीतरी सहज माहेरचा विषय काढला आणि ती एकदम रडायला लागली. म्हणाली, "माझे दादा गेले अन् मी गेले नाही." तिच्या शेजारी बसलेली आजी म्हणाली, "गेले नाही असं म्हणू नको बाई. तुला जाता आलं नाही."

मैत्रिणींनो, या दोन बोलण्यांत फार अंतर आहे. "गेले नाही" म्हटलं की दोष आपल्या अंगावर येतो. ती ताई चार वर्षं तो दोष एकटीच वाहत होती.

आपल्याकडे माणूस गेलं की लेक येईपर्यंत थांबतात. बाया गळ्यात पडून रडतात, रडता रडता त्या माणसाचे गुण सांगतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, मग दहावा, तेरावा. बौद्ध घरात पुण्यानुमोदन, मुस्लिम घरात चाळीसावा. प्रत्येक रीतीत चार माणसं जवळ येतात. त्या जवळ येण्यानंच माणूस गेलं हे मनाला हळूहळू पटतं. ज्या लेकीनं तोंड पाहिलं नाही, जिला कुणी गळ्याशी धरलं नाही, तिला अजून वाटतं, माहेरी गेलं की दादा ओट्यावर बसलेले दिसतील.

मग आपण काय करायचं? अशी बाई गटात असेल तर "झालं गेलं, आता किती दिवस" असं म्हणू नका. रडण्याला मुदत नसते. तिला विचारा, "तुझे वडील कसे होते गं?" आणि ती सांगेल ते ऐका. मधे आपलं दुःख सांगू नका.

आम्ही त्या दिवशी वही मिटली. ती तासभर बोलली. दादा बैलांशी कसे बोलायचे, बाजारातून तिच्यासाठी रेवड्या कशा आणायचे. पुढे पित्रांच्या पंधरवड्यात आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत माहेरी गेल्या. तिथं मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. आईचंही रडणं राहिलेलंच होतं. तेव्हा घरात चार माणसं, तीही लांब लांब बसलेली.

कुणाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर एकटीला सोडू नका. आशाताईंना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास काढा. त्या दोन वर्षांत कुणाकुणाचं कोण गेलं आणि कुणाला पोचता आलं नाही, हे एकमेकींना विचारा. गटात पैसा जमतो तो अडीनडीला उपयोगी पडावा म्हणून. ही पण अडच आहे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.