पंचाचा निवाडा आणि न्यायालयाची नजर

दोघांनीं मिळून पंच नेमला, तर त्याचा निवाडा दोघांनींही मुकाट्यानें मानावा, ही आपली जुनी रीत आहे. आवडता निवाडा मान्य आणि नावडता अमान्य, असें म्हणणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. पण मालकानें नोकराची बाजू न ऐकतांच त्याला घालविलें आणि पंचानेंही तिकडे कानाडोळा केला, तर त्या नोकरानें जावें कोठें? अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्स या कारखान्याच्या खटल्यांत हाच प्रश्न उभा राहिला.

१९७३ च्या जानेवारींत तेथें संप झाला. व्यवस्थापकांनीं तो बेकायदा ठरवून ८५३ कामगारांना कामावरून दूर केलें. गैरवर्तनाची रीतसर चौकशी मात्र केली नाहीं. आदेशाची भाषा मोठी सौम्य होती. त्यांत शिक्षा हा शब्द नव्हता; केवळ नोकरी संपविल्याचें कळविलें होतें. कारणें वेगळीं नोंदून ठेवलेलीं होतीं, आणि त्यांत संपाचा दोष कामगारांच्याच माथीं मारलेला होता. साधी सेवामुक्ति असेल तर चौकशी लागत नाहीं. शिक्षा म्हणून घालवावयाचें तर लागते. तेव्हां सारा वाद त्या सौम्य भाषेभोंवतीं फिरला.

उभय पक्षांनीं लेखी करारानें हा तंटा लवादाकडे सोंपविला. औद्योगिक तंट्यांच्या १९४७ च्या कायद्यांत १९५६ सालच्या दुरुस्तीनें तशी सोय झालेली होती. लवादानें व्यवस्थापकांची कृति योग्य ठरविली. कामगार संघटना गुजरातच्या उच्च न्यायालयांत गेली, आणि तेथें निवाडा रद्द होऊन कामगारांना परत घेण्याचा हुकूम झाला.

पण राजीखुशीनें नेमलेल्या लवादाच्या कामांत न्यायालयानें हात घालावा काय? मुंबईच्या हिंद सायकल्स कारखान्याच्या खटल्यांत १९६२ सालीं न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं याचा खल केला होता. असा लवाद म्हणजे न्यायाधिकरण नव्हे, म्हणून त्याच्या निवाड्यावर थेट सर्वोच्च न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं, असें तेथें ठरलें. परंतु घटनेच्या २२६ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाचें दार बंद झालें नाहीं. मात्र तेथें पुरावा पुन्हा पहिल्यापासून तोलला जात नाहीं. लवादानें कायदाच चुकीचा लावला काय, निष्कर्षास मुळीं आधारच नाहीं काय, हें पाहिलें जातें.

अहमदाबादचा खटला सर्वोच्च न्यायालयांत पोंचला आणि १९ नोव्हेंबर १९७९ रोजीं निकाल लागला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर व न्यायमूर्ति देसाई यांनीं कागदाच्या मायन्यापलीकडे पाहिलें. आदेश नांवाला सेवामुक्तीचा असला, तरी त्यामागें दोषाचा ठपका असल्यानें ती शिक्षाच होय, असें त्यांनीं ठरविलें. शिक्षा कमी करण्याचा जो अधिकार १९७१ च्या दुरुस्तीनें कामगार न्यायालयांस मिळाला होता, तो लवादासही आहे, असेंही सांगितलें. आणि संप बेकायदा धरला, तरी त्यांत कोणाचा हात किती, हें ज्याचें त्याचें निराळें पाहिल्याविना सर्वांना एकाच दोरीनें बांधणें त्यांना मान्य झालें नाहीं. एका मुलानें गलका केला म्हणून सारा वर्ग उभा करणारे गुरुजी पुष्कळ आढळतात. पण त्यांची शिक्षा तास संपला कीं संपते. येथें प्रश्न घरांतल्या चुलीचा होता.

तिसरे न्यायमूर्ति कोशल यांचें मत निराळें पडलें. आदेश खरोखरच साध्या सेवामुक्तीचे आहेत, असें त्यांना वाटलें. त्यांचें म्हणणें अगदींच उडवून लावण्यासारखें नाहीं. कागदावर जें लिहिलें आहे तेंच खरें धरावयाचें नाहीं, तर मालकानें भरंवसा कशावर ठेवावा, ही शंका उरतेच. पण कारणें वेगळ्या कागदावर लिहून ठेवणारा मालक स्वतःच ती शंका फेडून टाकतो.

बहुमतानें उच्च न्यायालयाचा पुनर्नियुक्तीचा निर्णय टिकला. तोंपर्यंत संपाला जवळजवळ सात वर्षें लोटलीं होतीं, आणि मधल्या काळांत त्या ८५३ पैकीं कित्येकजण कारखान्यांत पुन्हा रुजूही झाले होते.