मागच्या रांगेतला आवाज

एप्रिल संपत आला, शाळांना सुट्टी लागतेय. आमच्या गटातल्या एक ताई शाळेत संगीत शिकवतात. परवाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "वर्ष कसं गेलं?" गॅदरिंगच्या समूहगीताचं सगळ्या गावानं कौतुक केलं होतं.

ताई म्हणाल्या, "गाणं छान बसलं, पण माझं चुकलं. पुढच्या पाच सुरेल मुलींवरच सगळं निभावलं. मागच्यांना मीच म्हटलं होतं, हळू म्हणा. त्या वर्षभर नुसते ओठ हलवत राहिल्या."

आता जूनपासून त्या भूप रागानं सुरुवात करणार. त्यात सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर. नवख्या गळ्यालाही पेलतात. दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलीनं एक ओळ एकटीनं म्हणायची, हेच ध्येय. बक्षिसाचं नंतर बघू.

ऐकून आम्ही गप्पच झालो. पंचसूत्रीप्रमाणे बैठक, बचत, कर्ज, परतफेड, नोंदी, सगळं आमचं नियमित आहे. पण बोलतं कोण? अध्यक्ष, सचिव आणि आणखी एकदोघी. बाकीच्या माना हलवतात. म्हणजे मागची रांग आमच्यातही आहेच.

म्हणून ठरलं, दर बैठकीत हिशोब वेगळ्या बाईनं मोठ्यानं सांगायचा. वाचता येत नसेल तर शेजारणीनं कानात आकडा सांगावा. जात्यावर ओवी म्हणताना आवाज गोड आहे का, हे कुणी विचारलं होतं?

मैत्रिणींनो, तुमच्या गटात मागं कोण बसतं? पुढच्या बैठकीत आधी तिला बोलू द्या.