घानात वीज गेली नसती तर…



"वीस माणसांचा आमचा कारखाना, आमच्याकडे कोण कशाला येतंय हॅकिंग करायला?" हे मला सगळीकडे ऐकवलं जातं. त्यावर २०१७ सालची एक हकिकत सांगतो. ती युक्रेनमध्ये सुरू होते आणि आपल्या न्हावा शेव्यापर्यंत येते.

एम.ई.डॉक हे युक्रेनमधलं हिशेबाचं आणि कराचं सॉफ्टवेअर. आपल्याकडे टॅली जसं घरोघर, तसं तिथे ते. हल्लेखोर ते बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरमध्ये शिरले आणि अपडेटमधून त्यांनी व्हायरस पाठवला. म्हणजे ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं, तेच सापडले! २७ जूनला तो उसळला. त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडलं. स्क्रीनवर तीनशे डॉलरची खंडणी मागितली जायची, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच नव्हती. खंडणी हा नुसता देखावा होता.

मर्स्क या बलाढ्य डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या ओडेसातल्या कचेरीत हे सॉफ्टवेअर एका संगणकावर टाकलेलं होतं. तेवढं पुरलं. जगभरातली मशीनं बंद पडली. न्हावा शेव्याला त्याच समूहाचं टर्मिनल आहे, तिथलंही काम ठप्प झालं. ज्यांचा माल त्या कंटेनरांत होता, त्यांच्यावर कुणीही नेम धरलेला नव्हता.

आता खरी गंमत. कोणता माणूस, कोणतं मशीन, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते सतत एकमेकांशी जोडलेले, प्रत्येकाकडे तीच नोंद. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. जोडलेले असल्यामुळेच सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! लोडशेडिंगला शिव्या घालत मोठे झालेले आपण. त्याने कुणाचं एवढं भलं केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. घानातलं इंटरनेट इतकं मंद, की तो डेटा शेवटी माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला पाठवावा लागला. त्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

म्हणजे वाचली ती फक्त न जोडलेली प्रत. आता तुमच्या ऑफिसात जाऊन बघा. अकाउंटंटच्या संगणकाला मागून एक हार्ड डिस्क लावलेली असते, वर्षानुवर्षं, धूळ खात. "बॅकअप आहे ना साहेब!" खंडणीचा व्हायरस आला की टॅलीचा डेटा कुलूपबंद होतो आणि पाठोपाठ ती डिस्कसुद्धा. क्लाउडवरचं फोल्डर आपोआप सिंक होत असेल, तर बिघडलेली फाईल तिथेही इमानाने पोहोचते. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवल्या जातात, हे आजच विचारून घ्या. उपाय स्वस्त आहे. दोन डिस्का घ्या, आठवड्याला आलटून पालटून वापरा, कॉपी झाली की काढून ठेवा. एक कायम ऑफिसबाहेर. अधूनमधून तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून एखादं लेजर उघडून पाहा. उघडत नसेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही, डबी आहे.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल येतो, "आमचं बँक खातं बदललं आहे." पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे. मेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करा. गल्ल्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधला पेमेंटचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका. पैसे जमा झाल्याचं साउंडबॉक्स बोलला की द्या. मला ते यंत्र फार आवडतं, कारण गर्दीत मान वर न करताही हिशेब कळतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे काउंटरवरच्या पोराला पाठ करायला लावा.

नेटबँकिंगमध्ये मेकर-चेकर मागून घ्या: पेमेंट एकाने भरायचं, मंजूर दुसऱ्याने करायचं. पुष्कळ धंद्यांत दोन्ही पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले असतात, मग ती सोय असून नसून सारखीच.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर आधी भावाला, मग सीएला, मग ओळखीच्या इन्स्पेक्टरला असा क्रम लावू नका. बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा, त्याच घटकेला. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवायचे असतात. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा.