शिवणीतली माया



स्वस्त कपडा खरोखर स्वस्त पडतो काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

समजा, एक सदरा ३०० रुपयांचा आहे आणि ३० धुण्यांत तो विटतो, उसवतो. दुसरा ९०० रुपयांचा असून १५० धुणी काढतो. पहिल्याचा प्रत्येक वापर १० रुपयांस पडला, दुसऱ्याचा ६ रुपयांस. हिशेब सोपा आहे. परंतु ज्याच्या हाती आज ३००च रुपये आहेत, त्याला तो ऐकवून काय उपयोग? गरिबाला शेवटी महाग पडणारेच घ्यावे लागते, आणि वर उधळेपणाचा बोलही त्यालाच लागतो. म्हणून गिऱ्हाइकाला दोष देण्याआधी कपडा कोठे दगा देतो, ते पाहू.

पहिला दगा सुताचा. आखूड तंतूच्या कापसाचे सूत काढले, की तंतूंची टोके बाहेर येतात व घासून त्यांच्या गोळ्या होतात. लांब तंतूचे, विंचरलेल्या कापसाचे सूत गुळगुळीत व बळकट असते. दुसरा दगा बेतण्याचा. कापड वाचवण्यासाठी उभा धागा सांभाळला नाही, तर चार धुण्यांत बाजूची शिवण पोटाकडे सरकते. तिसरा शिवणीचा. चांगला शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड राखतो. त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात, आणि हा शब्द ज्याने योजला त्याला मुलाबाळांचा संसार ठाऊक असला पाहिजे! पोर वाढले, की माया उसवून पोलके सैल करता येते. कारखान्यात हजारो नगांमागे ही माया छाटली, की बचत मोठी होते. पण शिवण काठावर येते, ओढीने फाटते, आणि दुरुस्तीस हाती काही उरत नाही.

महाग तेवढे टिकाऊ, असेही समजू नये. भांडी देऊन जुने कपडे घेणारी बोहारीण छाप पाहत नाही. ती कापड उजेडात धरते, कॉलर आणि कोपर चाचपते. आपणही दुकानात कपडा उलटा करून माया पाहावी, शिवण ताणून पाहावी.

स्वस्ताईची उरलेली किंमत दुसराच कोणी भरतो. ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा इमारतीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले दिसल्यावर तिथली बँक बंद राहिली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. त्याच दिवशी, २४ एप्रिल २०१३ रोजी, इमारत कोसळून १,१००हून अधिक माणसे मेली.

मग करावे काय? एकट्या गरिबाला ९०० रुपये साठवणे जमणार नाही. पण जिथे आपण एकत्र खरेदी करतो, तिथे अट घालता येते. शाळेचा गणवेश ठरवताना पालक केवळ रंग आणि दर ठरवतात. त्याबरोबर शिवणीत बोटभर माया आणि खाली चार बोटे दुमड, एवढे दोन शब्द त्यांनी करारात लिहून घ्यावेत. जूनमध्ये घेतलेला गणवेश मग पुढच्या जूनमध्येही त्याच मुलाच्या अंगाला येईल, आणि त्या घरचे तेवढे पैसे वह्यापुस्तकांना उरतील.